पुऱ्या, शंकरपाळे आणि पत्रा

मुलांनो, तुमची कंपासपेटी जरा समोर घ्या पाहू. प्लॅस्टिकची असेल तर राहू द्या, घरातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणा. घेतलात? आता झाकणाच्या कडेवरून बोट फिरवा. कड आत वळवलेली आहे, म्हणून बोटाला लागत नाही. झाकणावर एक उठावाची रेघ असेल. मागे बिजागरीच्या इवल्याशा नळ्या असतील. पण हातोडीची एक तरी खूण दिसते का? नाही ना! आणि दुकानातल्या पन्नास पेट्यांची झाकणं अदलाबदल केलीत, तरी कुठलंही झाकण कुठल्याही पेटीला बसेल.

ही किमया एका जोडीची आहे. वरचा तो पंच आणि खालची ती डाय. दोन्ही मिळून झालं टूल. पंच खाली येतो, डायमध्ये शिरतो, मधल्या पत्र्याचा तुकडा पडतो किंवा पत्रा वाकतो. वर-खाली करणाऱ्या यंत्राला प्रेस म्हणतात. प्रेस कुणीही विकत घेईल हो, पण टूल मात्र प्रत्येक वस्तूसाठी वेगळं बनवावं लागतं. ते आधी कुणाच्या तरी डोक्यात आणि मग कागदावर तयार होतं.

तुम्ही म्हणाल, बाईंना हे कुठून कळलं? सांगते. मी दिघ्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. दिघा म्हणजे नवी मुंबईचं ठाण्याकडचं टोक. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने टीटीसी औद्योगिक वसाहत वाढत गेली. टीटीसी म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीक, ठाण्याच्या खाडीपलीकडची. लोकल आमच्या दारावरून वर्षानुवर्षं नुसती धडधडत जायची. दिघा गाव स्टेशन सुरू झालं ते जानेवारी २०२४ मध्ये. इलठणपाडा, गणपतीपाडा इथून येणाऱ्या माझ्या वर्गातल्या मुलांपैकी बऱ्याच जणांचे आईबाबा कारखान्यांत आणि छोट्या छोट्या गाळ्यांत कामाला आहेत. त्यातल्या एका मुलाचे बाबा टूल बनवतात. "एकदा शाळेत येऊन मुलांना दाखवाल का?" असं मी विचारलं, तर एका शनिवारी ते खरंच आले. स्कूटरवर गोणपाटात गुंडाळलेलं टूल! टेबलावर ठेवताना आमचे शिपाईकाका कण्हलेच.

त्या टूलमधून वायसर पडायचे. वायसर म्हणजे नटाखाली घालतात ती भोकाची चकती. काकांनी फळ्यावर पत्र्याची पट्टी काढली आणि विचारलं, "घरी पुऱ्या कोण वाटीने कापतं?" निम्मे हात वर. "मग उरलेल्या पिठाचं काय करता?" "परत मळतो!" काका हसले. "पोलाद परत मळता येत नाही. उरलं की भंगार. म्हणून आमचं पहिलं काम म्हणजे पट्टीवर चकत्या कशा मांडायच्या ते ठरवणं. शंकरपाळे असते तर प्रश्नच नव्हता, एकाला एक लागून कापले की कडेचं सोडून काही उरत नाही. पण गोल वस्तू आली की मध्ये जागा राहणारच."

चकत्या सरळ रांगांत, एकाखाली एक मांडल्या तर पत्र्याचा सुमारे ७८ टक्के भाग कामी येतो. दुसरी रांग अर्धी चकती सरकवून पहिलीच्या खाचांत बसवली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, तर ९० टक्क्यांपर्यंत जातो. (प्रत्यक्षात दोन चकत्यांच्या मध्ये पत्र्याची बारीक पट्टी सोडावी लागते, त्यामुळे थोडं कमी.)

सोमवारी आम्ही हे कागदावर करून पाहिलं. दोन रुपयांचं एक नाणं घेतलं, त्याचा व्यास २५ मिलिमीटर होता. दहा सेंटिमीटरच्या चौरसात सरळ रांगांत बसली १६ नाणी. पोळ्यासारखी मांडली तर फक्त १४! "बाई, काका चुकले!" वर्गात नुसता गोंधळ. मग वीस सेंटिमीटरचा चौरस घेतला. सरळ रांगांत ६४, पोळ्यासारखी ६८. म्हणजे पत्रा लहान असेल तर कडेला जागा वाया जाते आणि पोळ्याची मांडणी तोट्यात येते. मोठ्या पत्र्यावर मात्र तीच फायद्याची. हे मला पुस्तकातल्या कुठल्याही गणितापेक्षा आवडलं, खरं सांगते. तुम्हीही करून पाहा, पण मोजमाप नीट घ्या. वीस सेंटिमीटरमध्ये नववी रांग जेमतेम दोन मिलिमीटर राखून बसते.

आता पुढची गंमत. डायचं भोक २५ मिलिमीटरचं असेल तर पंच किती जाडीचा हवा? तुम्ही म्हणाल २५. तसा केला तर दोघं एकमेकांवर घासतील आणि धार जाईल. मध्ये फट हवी. एक मिलिमीटर जाडीच्या साध्या लोखंडी पत्र्याला प्रत्येक बाजूने साधारण ०.०५ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या डोक्यावरच्या बारीकशा केसाएवढी! फट जास्त झाली तर पत्रा कापला न जाता ओढल्यासारखा होतो आणि कडेला बोचरी किनार राहते. तिला कारखान्यात 'बर' म्हणतात. चकती हवी असेल तेव्हा डाय नेमकी २५ ची ठेवायची आणि पंच २४.९० चा करायचा. भोक हवं असेल तेव्हा बरोबर उलट, म्हणजे पंच नेमका आणि डाय किंचित मोठी. दहा रुपयांचं दुरंगी नाणं पाहिलंय ना? बाहेरच्या कड्यात भोक हवं आणि आतली टिकली हवी, आणि टिकली त्या भोकात घट्ट बसायला हवी. मुंबईच्या टांकसाळीत घडलेलं नाणं असेल तर सालाच्या खाली बारीक चौकटीच्या आकाराची खूणही सापडेल. शोधा!

छाप उमटवण्याची ही कला आपल्याकडे जुनीच. शिवरायांच्या काळातली तांब्याची शिवराई दोन ठशांमध्ये धातूचा तुकडा ठेवून वरून घण मारून पाडत. म्हणून कित्येक शिवराया वाकड्यातिकड्या आहेत आणि अक्षरं एका बाजूला सरकून अर्धी कापली गेलेली दिसतात. आजच्या टूलमध्ये पंच सरकू नये म्हणून कोपऱ्यांत खांब असतात, वरचा भाग त्यांवरूनच खाली येतो.

वाकवण्यातही पत्रा फसवतो. त्याला ९० अंशांत वाकवा, दाब काढला की तो एक-दोन अंश पुन्हा उघडतो. "पत्र्याला आठवण असते," काका म्हणाले. म्हणून टूल ८८ अंशांचं करायचं! आणि सपाट चकतीची वाटी करायची असेल तर काठाला नेसत्या साडीसारख्या चुण्या पडतात. त्या पडू नयेत म्हणून काठ एका कड्याने दाबून धरायचा, पण इतकाही नाही की तळ फाटेल.

मग मुलांनी विचारलं, जोर किती लागतो? गणित सोपं आहे. चकतीचा परीघ गुणिले पत्र्याची जाडी. २५ गुणिले ३.१४ म्हणजे ७८.५ मिलिमीटर, जाडी एक. अशा लोखंडाचा एक चौरस मिलिमीटर कापायला साधारण ३५ किलोचा भार लागतो. करा गुणाकार. सुमारे पावणेतीन टन! एका दोन रुपयांएवढ्या चकतीसाठी अख्खी हत्तीण उभी करायची.

हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिची आई एका गाळ्यात प्रेसवर काम करायची. गेल्या वर्षी तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोलत नव्हतं. मुलीने विचारलं, "काका, तुमच्या या टूलमध्ये बोट जातं का?"

काकांनी लगेच उत्तर दिलं नाही. टूल तिच्याकडे वळवलं. "ये, बघ." पंचाच्या भोवती पोलादाची एक जाड पाटी होती. कापून झाल्यावर पंचाला चिकटलेला पत्रा ती सोडवते. तिच्याखाली एक अरुंद खाच ठेवलेली होती. पट्टी त्या खाचेतून बाहेरूनच सरकवायची, पुढे अडसराला टेकली की थांबायचं. कापलेली चकती खालच्या भोकातून आपोआप पडते, उचलायला हात आत घालावाच लागत नाही. "ज्या टूलमध्ये एकेक तुकडा हाताने ठेवावा लागतो," काका म्हणाले, "तिथे प्रेसला दोन बटणं लावायची, लांब लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच पंच खाली येतो. शिवाय जाळी. हे नंतर सुचून उपयोग नाही, कागदावर रेघा मारतानाच सुचलं पाहिजे. थोडा खर्च वाढतो. त्या खर्चाला काही मालक नाक मुरडतात." धोक्याच्या यंत्राला आडोसा हवा हे १९४८ च्या कारखाना कायद्यानेच सांगितलं होतं. पैसे वाचवायला आडोसा काढून ठेवणाऱ्यांबद्दल मला काय वाटतं ते इथे लिहीत नाही.

दहावीनंतर आयटीआयमध्ये 'टूल अँड डाय मेकर' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, हेही काकांनी सांगितलं. पण त्या मुलीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने पट्टी घेऊन टूलची खाच मोजली. पाच मिलिमीटर. मग पट्टीवर स्वतःची करंगळी आडवी धरली. नऊ. वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि दुसऱ्या दिवशी खाली तिसरा लिहून आणला, आईच्या करंगळीचा. अकरा.