दस्तक आणि कायदा : समुद्रावर माल कोणी वाहायचा?

१/ अलिबाग आणि चौल यांच्या दरम्यान, नारळी-पोफळीच्या वाड्यांपलीकडे नागावचा किनारा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांना कान्होजी आंग्रे यांचे दस्तक घ्यावे लागे. दस्तक नसलेले जहाज पकडले जाई. ईस्ट इंडिया कंपनीने या व्यवस्थेला चाचेगिरी ठरवले.

२/ इंग्लंडचा स्वतःचा व्यवहार मात्र निराळा नव्हता. १६५१ च्या नौकानयन कायद्याने परकीय जहाजांना तेथील व्यापारातून दूर सारले. १८४९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षे, अशा कायद्यांच्या छायेत इंग्रजी नौवहन वाढले. फरक एवढाच, की त्यांच्या दस्तकाला संसदेची मोहोर होती.

३/ त्याच काळात मुंबईच्या गोदीत वाडिया घराणे सागवानी जहाजे बांधत होते. १८१७ साली तेथे बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. परंतु १८१४-१५ च्या सुमारास ब्रिटिश संसदेने भारतीय खलाशांना ‘ब्रिटिश खलाशी’ मानण्याचे नाकारले आणि इंग्लंडला जाणाऱ्या भारतीय जहाजांवर बहुसंख्य खलाशी ब्रिटिशच असावेत, अशी अट घातली. लाकूड उत्तम होते, सुतार निष्णात होते. वाट अडली ती कागदावर.

४/ पुढे लोखंड आणि वाफेचे युग आले, तेव्हा भारतीय गोद्या मागे पडल्या. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंधिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाले. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी यांच्या या साहसाला ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून उत्तर दिले.

५/ म्हणूनच १९२८ साली साराभाई नेमचंद हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले : भारतीय किनाऱ्यावरील वाहतूक भारतीय मालकीच्या जहाजांसाठी राखून ठेवावी. ब्रिटिश हितसंबंधीयांनी त्यास ‘भेदभाव’ म्हटले. विधेयकाचा कायदा झाला नाही. उलट १९३५ च्या कायद्याने ब्रिटिश जहाजांना प्रतिकूल असे भेदभावाचे कायदे करण्यासच मनाई केली.

६/ कोकणी माणसाला हा प्रश्न तिकिटाच्या खिडकीवरच कळला होता. ‘इंडियन को-ऑपरेटिव्ह’ ही स्वदेशी कंपनी त्याच्या तोंडी ‘माझी आगबोट कंपनी’ झाली. त्या ‘माझी’ या शब्दात हाजींच्या विधेयकाचे सारे सार होते.

७/ १९४१ साली विशाखापट्टणम येथे सिंधियाच्या गोदीची पायाभरणी झाली. १४ मार्च १९४८ रोजी तेथे बांधलेले ‘जलउषा’ पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. स्वातंत्र्यानंतर लवकरच किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखली गेली आणि १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने परवान्यांची चौकट पक्की केली.

८/ २०२५ साली किनारी नौवहनासाठी स्वतंत्र कायदा झाला. भारतीय जहाजांना किनारी व्यापारासाठी परवान्याची गरज उरली नाही. परदेशी जहाजांना मात्र तो घ्यावाच लागतो. त्याच वर्षी केंद्र सरकारने जहाजबांधणी व नौवहनासाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

९/ इतिहासाचा धडा कठोर आहे. माल वाहण्याचा हक्क गेला की जहाजाची मागणी जाते, मागणी गेली की गोदी ओस पडते आणि गोदीबरोबर पिढ्यांचे हस्तकौशल्यही संपते. हक्क एका कायद्याने परत मिळतो; हात घडवायला मात्र पुन्हा पिढ्याच लागतात.