तक्कैवरचा धागा

मासेमारीची माझी सगळ्यांत जुनी आठवण कोरड्या नदीची आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आई आम्हां भावंडांना घेऊन पुण्याहून तंजावरला माहेरी जायची, ती जूनचा पहिला आठवडा उलटेपर्यंत. त्या दिवसांत करंतैजवळच्या वडवारच्या पात्रात वाळू, वाळलेल्या शेवाळाचे पापुद्रे आणि चरणाऱ्या बकऱ्या. कावेरीचं पाणी वर मेट्टूरला अडलेलं. १९३४ साली ते धरण पुरं झालं. पुढे वहिवाट अशी पडली, की १२ जूनला दारं उघडायची. पाणी काही दिवसांनी कल्लणैला पोचायचं, तिथून कावेरी, वेण्णार आणि नव्या कालव्यात वाटलं जायचं, आणि मग कुरुवै भाताची लगबग सुरू. आमची शाळाही त्याच सुमाराला उघडायची. तिकडे पाणी सुटलं की इकडे आमची गाडी सुटलेली.

मामाचं खरं काम मात्र मे महिन्यातच चालायचं. दुपारची जेवणं झाली की तो ओसरीवर चटई टाकून बसे आणि गळ बांधायला घेई. साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजीराजांच्या मागून दक्षिणेत गेलेल्या घरांपैकी आमचं आजोळ. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि नदीकाठी दोन्हींची मिसळ. गळाच्या काठीला तो तूंडिल म्हणे, काट्याला गळ, आणि नायलॉनच्या धाग्याला तंगूस. हा शेवटचा शब्द पुण्यात माझी आत्या मोती ओवताना वापरायची. तंजावरच्या बाजारात तमिळ दुकानदाराच्या तोंडी तोच ऐकला तेव्हा मला दुकानातच घर सापडल्यासारखं झालं होतं. ‘मामा’ हा शब्दही दोन्हीकडे एकच. त्यामुळे गल्लीतली तमिळ पोरंही त्याला मामाच म्हणत, आणि मला त्याचा फार राग येई.

एका धाग्यावर दोन गळ, त्यांच्या वर शिशाची गोळी, त्याहून वर तरंगणारं भेंड. असा एक संच बांधायला मामाला दहा मिनिटं लागत. पण बांधून झाल्यावर तो जे करी त्याला त्याहून जास्त वेळ लागे, आणि तेच बघायला मी बसायची. बांधलेला संच ठेवायचा कसा?

त्यासाठी त्याच्याकडे नेट्टीचे तुकडे होते. तंजावरच्या परिसरात तळ्यांमध्ये ही पाणवनस्पती उगवते. तिची साल सोलली की आत पांढराशुभ्र, हस्तिदंतासारखा दिसणारा आणि हातात घेतला तर वजनच न लागणारा गाभा निघतो. तो चाकूनं कापून तंजावरचे कारागीर मोठ्या देवळाच्या प्रतिकृती बनवतात, काचेच्या पेटीत ठेवायच्या. २०२० साली या कामाला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे ज्या भेंडाची बाशिंगं आणि मुंडावळ्या होतात, तो याच जातकुळीचा गाभा. तमिळमध्ये गळाच्या तरंगणाऱ्या भेंडाला तक्कै म्हणतात, आणि मामा नेट्टीच्या तुकड्यालाही तक्कैच म्हणे. ओळखीच्या एका कारागिराकडून तो कापून उरलेले तुकडे आणायचा. वीतभर लांब, दोन बोटं जाड. कडा कानशीनं घासून गोल केलेल्या, आणि एका टोकाला ब्लेडनं पाडलेली बारीक चीर.

गुंडाळायला सुरुवात करायची ती तळाच्या गळापासून. त्याचं टोक नेट्टीत रुतवायचं, काट्याचा अणकुचीदार भाग पूर्ण आत जाईल इतकं. मग धागा. इथे पहिल्यांदा मी चुकले होते. मी तक्कै एका हातात स्थिर धरली आणि धागा तिच्याभोवती फिरवू लागले. मामानं माझं मनगट धरलं. “धागा नको फिरवू, तक्कै फिरव.”

मला फरक कळेना. शेवटी दोन्हींचे वेढे सारखेच दिसतात. मामानं मला ते दोन्ही प्रकारांनी करून सोडायला लावलं. मी फिरवलेला धागा सुटला तेव्हा स्वतःभोवती पिळत गेला आणि सैल पडताच त्याचे फास झाले. तक्कै फिरवून गुंडाळलेला सरळ ओळंबला. स्थिर तुकड्याभोवती धागा फिरवला की दर वेढ्याला त्यात एक पीळ भरतो. तुकडा फिरवला की धागा फक्त येऊन बसतो. आज हे मला दोन वाक्यांत सांगता येतं. त्या वयात ते बोटांना कळायला एक अख्खी दुपार लागली.

मधला गळ आला की तोही तिथेच, त्याच्या जागी रुतवायचा, धाग्याला ओढ न देता. मग उरलेला धागा, आणि वरचं टोक. हे टोक मामा कधी गाठीनं बांधत नसे. चिरेत सारून द्यायचा, बस्स. एकदा तो मला सरस्वती महालात घेऊन गेला. सरफोजीराजांनी वाढवलेलं ते ग्रंथालय पाहायला लोक चित्रं आणि नकाशे यांच्यासाठी जातात. मामानं मला ताडपत्राच्या एका पोथीपुढे उभं केलं. पानांना भोक, त्यातून ओवलेली दोरी, वर-खाली लाकडी फळ्या, आणि त्या सगळ्यांभोवती गुंडाळलेली दोरी, जिचं टोक शेवटच्या वेढ्याखाली खोचलेलं. “बघ, गाठ आहे कुठे?” तो म्हणाला. ज्याला घाईत उघडायचं असतं त्याला गाठ मारायची नसते, हे त्याचं म्हणणं. शेजारी मोडी कागदांच्या रुमालांविषयी माहिती होती, ती वाचायला त्यानं मला थांबू दिलं नाही. उन्हं उतरायच्या आत त्याला घरी जाऊन उरलेले चार संच बांधायचे होते.

नेट्टीत एक खोट होती. ती पाणी पिते. ओला गळ तसाच रुतवला तर महिन्याभरात गंजायचा. म्हणून मामा वापरलेले गळ उन्हात वाळवून, तिळेलाचं बोट फिरवून मग रुतवायचा. पाण्यात टाकण्यापूर्वी चुलीच्या राखेनं ते तेल पुसायचा. एकाच जागी चार-पाचदा गळ रुतला की भोक सैल होई. मग तुकडा उलटा करायचा, आणि दोन्ही बाजू संपल्या की मामीच्या चुलीत.

पाणी असलेली नदी मला दिसली ती दिवाळीच्या सुट्टीत, फार तर तीन-चार वेळा. ईशान्य मोसमी पावसाचे दिवस, वेण्णार गढूळ आणि काठोकाठ. मामा चिखलात उकिडवा बसून तक्कै काठीच्या टोकाशी धरायचा, चिरेतलं टोक ओढून बांधायचा, तुकडा हातातल्या हातात गरगर फिरवत धागा सोडायचा, आणि अर्ध्या मिनिटात गळ पाण्यात. शेजारची माणसं पिशवीतून काढलेला गुंता दातांनी सोडवत बसलेली असत. मामाला केण्डै लागायचे, कधी मरळ. एकदा पहिल्याच टाकीत गळ तळातल्या मुळांत अडकून तुटला. त्यानं शिवी दिली नाही की हळहळला नाही, खिशातून दुसरी तक्कै काढली. तो निवांतपणा आदल्या मे महिन्यातल्या दुपारी तयार झालेला होता. हे मला फार उशिरा, हिमाचलात कळलं.

चाळिशीत मी पिसांच्या माशीनं मासे धरायला शिकले. तीर्थन नदीत ब्राऊन ट्राउट आहे. मत्स्य विभागाचा परवाना घ्यावा लागतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते. मैत्रीण बंजारला राहायला गेली म्हणून मी गेले आणि अडकले. या मासेमारीत आमिष म्हणून गांडूळ नसतं. कोंबड्याची पिसं, सशाची लोकर आणि रेशीम गळावर बांधून कीटकाचा आभास केलेला असतो. पुष्कळदा दोन माश्या एकाच धाग्यावर लावतात: एक पाण्यावर तरंगणारी, आणि तिच्या गळाच्या वळणाला दीड-दोन फूट धागा बांधून खाली बुडणारी दुसरी. वरची हलली की खालची गिळली असं समजायचं. थोडक्यात, मामाचं भेंड आणि मामाचा गळ. फक्त भेंडालाही गळ फुटलेला.

पहिल्या दिवशी मी रात्री विश्रामगृहात बसून असे सहा संच बांधले आणि मोठ्या कौतुकानं, वेटोळी करून, प्लॅस्टिकच्या सहा पिशव्यांत भरले. सकाळी नदीवर बर्फासारखं पाणी, बधिर बोटं. पहिली पिशवी उघडली तर आत काटेरी लोकरीचा गोळा. दुसरी तशीच. केसापेक्षा थोडा जाड असा तो धागा स्वतःच्याच फासांतून तीन-तीनदा गेलेला, आणि दोन्ही गळ एकमेकांना चावलेले. तासभर मी दगडावर बसून एकही गाठ सोडवू शकले नाही. समोर मासे वर येऊन किडे टिपत होते.

मिटलेल्या पिशवीत कुणी हात न घालता गाठी बसतात कशा? २००७ साली सान दिएगोच्या विद्यापीठात डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या दोघांनी हेच तपासलं. एका खोक्यात दोरी टाकायची, खोकं फिरवायचं, उघडून बघायचं. असं त्यांनी ३,४१५ वेळा केलं. काही सेकंदांत गाठी बसत होत्या, आणि त्यात १२० वेगवेगळ्या तऱ्हेच्या गाठी निघाल्या. दोरी जितकी लांब आणि लवचीक तितकी गाठ बसण्याची शक्यता जास्त. ४६ सेंटिमीटरहून आखूड दोरीला मात्र एकही बसली नाही. सैल टोक हलत हलत शेजारच्या वेटोळ्यांच्या वरून-खालून जातं, जणू वेणी घातल्यासारखं, आणि गाठ होते. दोरीला हलायला वाव कमी केला की गाठीही कमी. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे तक्कैची दोन टोकं आली: एकीकडे रुतलेला गळ, दुसरीकडे चिरेत दाबलेला धागा. मोकळं टोक ठेवायचंच नाही.

जगभरच्या मासेमारांनी हे आपापल्या परीनं सोडवलं आहे. जपानी लोक प्लॅस्टिकच्या वा लाकडाच्या छोट्या चौकटी वापरतात, त्यांना शिकाके-माकी म्हणतात. युरोपात नायलॉन यायच्या आधी रेशमाच्या किड्याच्या रेशीमग्रंथींपासून ओढून काढलेला धागा असे. तो कोरडा असताना काडीसारखा मोडे, म्हणून गोल पत्र्याच्या डबीत ओल्या बनातीच्या चकत्यांमध्ये भिजवून न्यावा लागे. आता फेसाचे गोल मिळतात, मधे फट पाडलेले. मैत्रिणीकडे मी पहिल्यांदा तो गोल पाहिला, तेव्हा दाबून बघितला, नखानं कोरून बघितला, आणि मला नेट्टीचा तो कच्च्या भातासारखा वास आठवला. फेसाला वास नसतो. पण तो पाणी पीत नाही, हे मला मान्य करावंच लागतं.

माझ्या पद्धतीत मी मामाला दोनच ठिकाणी सोडलं आहे. तुकडा त्याच्याहून जाड घेते, कारण नायलॉन वळण लक्षात ठेवतं: अरुंद कडेवर महिनाभर बसलेला धागा पाण्यावर स्प्रिंगसारखा वाकडा पडतो, आणि ट्राउट तेवढ्यानं पळतो. मामाच्या गढूळ वेण्णारमध्ये त्याचं काही अडत नव्हतं. दुसरं म्हणजे मी प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीनं लिहून ठेवते: कोणत्या माश्या, किती लांबी, कधी बांधलं. मामाला लिहावं लागत नसे. नदीवर पोचले की धागा सोडून दोन बोटांत धरून हलके ओढायचा, बोटांच्या उबेनं तो सरळ होतो. आणि तुकडा गरगर फिरवायचा. धागा कधीही वेढ्यांवरून उपसून काढत नाही, घाई असली तरी.

२०१२ पासून २०१९ पर्यंत एकाही वर्षी मेट्टूरची दारं १२ जूनला उघडली नाहीत. कधी धरणात पाणीच नसे, कधी दोन राज्यांचा वाद कोर्टात असे. मामा दर मे महिन्यात संच बांधत राहिला. फोनवर विचारलं, की म्हणायचा, बांधून झाले, आता पाण्याची वाट. पाणी उशिरा यायचं, आणि तोवर त्याचे गुडघे आणि डोळे नदीपर्यंत जाण्याच्या स्थितीत उरत नव्हते. २०२० साली आठ वर्षांनी दारं तारखेला उघडली. तेव्हा मामा नव्हता, आणि टाळेबंदीत मला तंजावरला जाताही आलं नाही.

पुढच्या वर्षी मामेभावानं बिस्किटाचा एक जुना डबा माझ्या हाती दिला. आत अकरा तक्कैवर बावीस गळ. सगळे वाळवलेले, तेल लावलेले, टोकं चिरेत सारलेली. नेट्टी पिवळी पडली होती. एक टोक मी चिरेतून ओढलं, तुकडा फिरवू लागले, आणि तिसऱ्या वेढ्याला तंगूस तुटला. दुसऱ्या तक्कैवरही तेच. इतक्या वर्षांत नायलॉन कडक होऊन गेलं होतं. गुंता मात्र एकाही तुकड्यावर नव्हता.

बाकीचे नऊ मी सोडवले नाहीत. त्या दोन तुकड्यांवरचे चारही गळ राखेनं पुसून बघितले, टोकं अजून अंगठ्याच्या नखात रुततात. मामेभावाची मुलगी शेजारी बसली होती, नऊ वर्षांची. वडवारला पाणी होतं. मी नवा धागा घेतला, दोन गळ बांधले, तळाचा गळ मामाच्याच जुन्या भोकात रुतवला आणि तक्कै तिच्या हातात दिली. तिनं ती घट्ट धरली आणि धागा भोवती फिरवायला लागली. मी तिचं मनगट धरलं.