चंद्राची माती, गवारीचा डिंक आणि पेढीवरचा दाणा

चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची रीत आमच्या घरी आजोबांच्या काळापासून चालत आलेली आहे. त्यामुळे २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चंद्रयान-३ चे 'विक्रम' यान चंद्रावर उतरले, तेव्हा आमचे सारे कुटुंब ताटांसमोर बसलेले होते. शहाऐंशी वर्षांच्या बाबूजींनी हातातला घास खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. माझी थोरली कन्या त्या वेळी पॉलिमर रसायनशास्त्रात एम. एस्सी. करीत होती. ती म्हणाली, "दादाजी, उतरणे झाले. आता तिथली माती कशाची बनली आहे, ते पाहायचे आहे."

बाबूजी हसले व म्हणाले, "म्हणजे पोते आले, नमुना अजून काढायचा आहे."

या उत्तराला आमच्या घरात एक पार्श्वभूमी आहे. आजोबा मारवाडातून येऊन चाकणला धान्याचे दुकान करीत. पोत्यात खुपसून दाणे बाहेर काढण्याची त्यांची लोखंडी परखी आजही आमच्याकडे आहे. तेव्हाचे चाकण म्हणजे कांद्याचा बाजार. पुढे १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभे राहिले, भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक वसाहती वाढल्या, आणि कालांतराने चाकणच्या माळरानावर मोटारींचे कारखाने आले. बाबूजींनी काळाची पावले ओळखून धान्याचा दाणा सोडला आणि प्लास्टिकचा दाणा धरला. पॉलिप्रॉपिलीन, एबीएस, नायलॉन असा कच्चा माल आम्ही मोल्डिंगवाल्यांना पुरवतो. ते त्यापासून गाड्यांचे लहान-मोठे भाग घडवतात.

चंद्रावरचा नमुना कसा काढला, हे कन्येने मला भोसरीतल्या एका भंगार व्यापाऱ्याच्या दुकानातील उदाहरणाने समजावले. तेथे पिस्तुलासारखे एक यंत्र असते. ते धातूच्या तुकड्यावर धरले की त्यातून क्ष-किरण बाहेर पडतात. धातूतील प्रत्येक मूलद्रव्य त्यांना आपापल्या ठरावीक ऊर्जेच्या क्ष-किरणांनी उत्तर देते, आणि तुकड्यात लोखंड किती, क्रोमियम किती, निकेल किती, हे पडद्यावर उमटते. 'प्रज्ञान' या बग्गीवर याच तत्त्वाचे उपकरण होते. फरक एवढाच की त्यातील किरण क्युरियम या किरणोत्सारी द्रव्यापासून मिळत होते. हे उपकरण अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने घडवले. एका व्यापारी-गिरणीमालक जैन कुटुंबात जन्मलेल्या विक्रम साराभाईंनी १९४७ साली स्थापन केलेली हीच ती संस्था. आणि त्यांचेच नाव धारण करणारे यान ते उपकरण घेऊन चंद्रावर उतरले होते.

बग्गी सुमारे १०३ मीटर फिरली आणि त्या मार्गावर २३ ठिकाणी तिने मातीची परीक्षा केली. निष्कर्ष 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले ते ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे जवळजवळ एक वर्षाने. त्या परिसरातील माती बरीचशी एकसारखी असून ती मुख्यत्वे अ‍ॅनॉर्थोसाइट नावाच्या फिकट खडकाची आहे, असे आढळले. या खडकात कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियम भरपूर असते. चंद्र बाल्यावस्थेत वितळलेल्या खडकाचा महासागर होता, जड खनिजे तळाशी गेली आणि हलकी खनिजे तापल्या दुधावर साय धरावी तशी वर आली, या जुन्या सिद्धांताला त्यामुळे बळकटी मिळाली. मात्र मॅग्नेशियम अपेक्षेपेक्षा अधिक निघाले. एखाद्या प्रचंड आघाताने खोल थरातील द्रव्य उसळून वर येऊन मिसळले असावे, असे शास्त्रज्ञांनी त्याचे स्पष्टीकरण दिले. जे अपेक्षेप्रमाणे निघाले नाही, तेही त्यांनी तितक्याच ठळकपणे नोंदवले, याचे मला विशेष वाटले. असे वाटण्याचे कारण पुढे येईलच.

याच सुमारास कन्येने माझ्यापुढे दुसरा विषय मांडला. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील आलोक कुमार, कौशिक विश्वनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रोच्या साथीने चंद्राच्या मातीची वीट करण्याचे संशोधन २०२० साली प्रसिद्ध केले होते. एक पौंड वजन अवकाशात पाठवण्याचा खर्च त्यांनी तेव्हा सुमारे साडेसात लाख रुपये सांगितला होता. मालापेक्षा भाडे जड झाले की माल जागेवरच घ्यावा, हे कोणत्याही व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून वीट तिथल्याच मातीची हवी. चंद्राच्या मातीसारख्या कृत्रिम मातीत त्यांनी एक प्रकारचे जिवाणू, युरिया व कॅल्शियम मिसळले. जिवाणूंच्या क्रियेने चुनखडीसारखे स्फटिक तयार होतात व कण एकमेकांना धरतात. त्या स्फटिकांना आधार मिळावा म्हणून त्यांनी जे आणखी एक द्रव्य घातले, ते ऐकून बाबूजी खुर्चीत सरळ होऊन बसले. ते द्रव्य म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक.

गवार-डिंकाची मोठी पेठ जोधपूर. आमच्या आजोबांच्या भावकीत हा व्यापार दोन पिढ्या चालला. "आपली गवार चंद्रावर?" असे बाबूजींनी दोनदा विचारले. कन्येने त्यांना समजावले की गवारीचा डिंक आणि आपल्या पेढीवरचे नायलॉन ही एका अर्थाने भावंडेच आहेत. दोन्ही पॉलिमर, म्हणजे लहान रेणूंच्या कड्या जोडून झालेल्या लांब साखळ्या. डिंकात साखरेच्या कड्या असतात व त्या निसर्गाने जोडलेल्या असतात. नायलॉनच्या कड्या माणूस कारखान्यात जोडतो. पदार्थाची ताकद बरीचशी साखळीच्या लांबीवर अवलंबून असते. "म्हणूनच पप्पा," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "एकदा वापरलेले नायलॉन पुन्हा वितळवले की उष्णतेने आणि ओलाव्याने साखळ्या तुटतात. दाणा दिसतो तसाच. पण आतून आखूड झालेला असतो."

मी काही बोललो नाही. बाबूजींनी एकवार माझ्याकडे पाहिले आणि ते पुन्हा जेवू लागले.

२०११ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. काचतंतू घातलेल्या नायलॉनचा भाव चढत होता आणि एका मोल्डिंगवाल्याला मी जुन्या भावात माल देण्याचा शब्द देऊन बसलो होतो. तोटा सोसण्याऐवजी मी व्हर्जिन मालाच्या लॉटमध्ये पाचवा हिस्सा रिप्रोसेस दाणा मिसळला. रंग तोच, चमक तीच. सोबत व्हर्जिनचे टेस्ट सर्टिफिकेटही लावले. दीड महिन्याने चाकणच्या एका कारखान्यात गाडीत बसवताना क्लिपा तडकू लागल्या. लाइन थांबली. मोल्डिंगवाल्यावर रिजेक्शन आले. त्या भल्या माणसाने दोष आपल्या यंत्राच्या तापमानात शोधला, आपल्या कारागिरांना बोल लावला. माझ्यावर त्याने शंकाही घेतली नाही.

बाबूजींनी मला एकच प्रश्न विचारला, "गोणीवर काय लिहिले होते आणि गोणीत काय होते?" मी खरे सांगितले. दुसऱ्या दिवशी चौऱ्याहत्तर वर्षांचे बाबूजी मला घेऊन त्या मोल्डिंगवाल्याकडे गेले. बोलायचे मलाच होते. ते केवळ शेजारी उभे राहिले. उरलेला माल आम्ही परत उचलला, डेबिट नोट पूर्ण मान्य केली, आणि ज्या कारागिराला बोल लागला होता त्याच्यापुढेही मी हात जोडले. पुढील तीन वर्षे त्यांच्याकडून आम्हाला एका गोणीचीही ऑर्डर आली नाही. परतताना बाबूजी एवढेच म्हणाले की हलके मिसळून भारी म्हणून विकणे याला आपल्या शास्त्रांत अचौर्य व्रताचा अतिचार म्हटले आहे. आपण त्याला धंद्याची अडचण म्हणतो. एक तडकलेली क्लिप त्यांनी गल्ल्यात ठेवली. तेव्हापासून दर दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी ती माझ्या दृष्टीस पडते.

कन्या त्या वेळी शाळेत होती. हे सारे तिला कधी कळू द्यायचे नाही, असे मी मनाशी ठरवले होते. तिने एम. एस्सी. नंतर पेढीवर बसावे, ही माझी इच्छा होती. तिला संशोधनासाठी बाहेर जायचे होते, आणि माझा होकार मी महिनोन्‌महिने अडवून ठेवला होता. त्या संभाषणानंतर मात्र मला राहवले नाही. आपला बाप दाण्याची पारख जाणतो, या विश्वासाने जी मुलगी साखळ्यांची शिकवण मला देते, तिला त्याच बापाने ती साखळी जाणूनबुजून तोडली होती हे ठाऊक नसावे, ही दुसरी भेसळ झाली असती. एका रविवारी पेढीवर बसवून मी तिला सर्व सांगितले.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ती क्लिप मला द्याल?" क्लिप तिने प्रयोगशाळेत नेली. काही दिवसांनी परत आणून तिने मला तुटलेल्या कडेचे मोठे करून काढलेले चित्र दाखवले आणि तडा कोठून सुरू झाला असावा, ते सांगितले. तिच्या स्वरात रागही नव्हता, क्षमाही नव्हती. होती ती जे आहे तसे नोंदवण्याची सवय. त्याच संध्याकाळी मी तिच्या अर्जाला होकार दिला.

२०२५ साली बेंगळुरूच्या त्याच संशोधकांचे पुढचे काम प्रसिद्ध झाले. चंद्रावर दिवस-रात्रीच्या तापमानात प्रचंड फरक असतो. त्यामुळे तिथल्या विटांना तडे जाणारच, हे गृहीत धरून त्यांनी तडे बुजवण्याचा उपाय शोधला. भाजलेल्या विटांत मुद्दाम भेगा पाडून त्यांत जिवाणू, गवारीचा डिंक आणि तीच कृत्रिम माती यांचे मिश्रण ओतले. काही दिवसांत भेगा भरल्या व विटेची काही प्रमाणात ताकद परत आली. कन्येने फोनवर हे सांगितले तेव्हा मी विचारले, "पूर्वीइतकी?" ती म्हणाली, "नाही पप्पा, पूर्वीइतकी नाही. पण भार घेण्याजोगी."

तीन वर्षांनी त्या मोल्डिंगवाल्याने आम्हाला पहिली ऑर्डर दिली होती, ती अवघ्या दोन गोण्यांची. आज त्यांचा बराचसा माल आमच्याकडून जातो. परंतु प्रत्येक लॉटचा नमुना ते आधी तपासून घेतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. पेढीवर आता व्हर्जिन, रिप्रोसेस आणि मिश्र अशा तीन वेगवेगळ्या थप्प्या आहेत व प्रत्येक गोणीवर आत जे आहे तेच लिहिलेले असते. रिप्रोसेस मालालाही गिऱ्हाईक आहे. त्याचे नाव सांगून विकला तर त्यात कमीपणा नाही. क्लिप पुन्हा गल्ल्यात आहे. ती परत ठेवताना कन्या म्हणाली होती, "ही इथेच राहू द्या."