एकोणीस मिलिमीटरचे अण्णा

छंद म्हटला की लोकांना पोस्टाची तिकिटे आठवतात. मी ट्रक बांधतो, तेही छोट्या आगगाडीवर चढवण्यासाठी! थट्टा नव्हे, १९९९ पासून कोकण रेल्वे भरलेले ट्रक वॅगनवर चढवून कोलाडहून वेर्ण्याला नेते. ड्रायव्हर आपल्या केबिनमध्येच बसून जातो. माझे अण्णा असेच जातात.

माझे प्रमाण १:८७. दहा मीटरचा ट्रक साडेअकरा सेंटिमीटरचा होतो. चाकांना शर्टाच्या गुंड्या, हौद्याला पुठ्ठा, पोती एम-सीलची आणि ताडपत्री म्हणजे फेव्हिकॉलमध्ये भिजवलेला पातळ कागद. वर शिवणाच्या दोऱ्याची रस्सी.

तयार ट्रक अण्णांना दाखवला. "रस्सी अशी ढिली? पहिल्याच वळणावर माल खाली येईल!" म्हणत त्यांनी आपल्या जाड बोटांनी दोरा पुन्हा आवळला. मग केबिनमध्ये डोकावून विचारले, "आणि मी कुठं आहे रे?"

मी गप्प झालो. पोत्यापोत्याचे माप घेतले होते, माणूसच राहून गेला होता! साडेपाच फुटांचे अण्णा या प्रमाणात एकोणीस मिलिमीटर भरतात. तीनदा घडवले, तेव्हा कुठे स्टिअरिंगमागे नीट बसले.

आता गाडी वळणावर आली की माझी नजर आधी केबिनकडे जाते.