दोष कोठे आहे?

यंत्र बिघडले की आपला संशय बहुधा सर्वांत अनोळखी भागावर जातो. जे नेहमीचे, साधे आणि स्वस्त, त्याकडे दृष्टी वळतच नाही. माणसांच्या बाबतीतही असे घडते. पण येथे मी एका दिव्याविषयीच सांगणार आहे.

माझा भाचा नोकरीनिमित्त लखनौला राहतो. डिसेंबर-जानेवारीत त्या शहरावर धुके उतरते. काही पहाटे तर पुढचे वाहन अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. मागून येणाऱ्यास आपण वेळीच दिसावे, म्हणून त्याने मोटारसायकलचा ब्रेक दाबताच लुकलुकणारा तांबडा दिवा घरीच तयार केला. त्यासाठी त्याने '५५५' नावाची चिप वापरली. हॅन्स कॅमेंझिंड या अभियंत्याने १९७१ मध्ये तिची रचना केली; आजही ती काही रुपयांत मिळते. तिला जोडलेला कपॅसिटर भरण्यास आणि रिकामा होण्यास जो वेळ लागतो, त्यावर दिव्याचे लुकलुकणे ठरते.

टेबलावर दिवा उत्तम चालला. गाडीवर चढवताच मात्र तो मंदावला, कधी लागे, कधी लागतच नसे. भाच्याने निदान केले, "चिपच जळाली!" त्याने नवी चिप आणली, तीही बसवली. दिवा तसाच राहिला.

त्या वेळी मी त्याच्याकडेच होतो. आम्ही गाडी गल्लीतील एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. सगळे त्यांना आदराने 'चाचा' म्हणत. त्यांनी चिपकडे पाहिलेही नाही. दोन तारा जोडलेला एक छोटा बल्ब, एवढेच त्यांचे उपकरण. प्रथम बॅटरी तपासली, मग फ्यूज, मग ब्रेकचा स्विच. तिथपर्यंत वीज नीट येत होती. शेवटी त्यांनी बल्बची एक तार बॅटरीच्या धन टोकाला व दुसरी भाच्याने अर्थिंगसाठी वापरलेल्या बोल्टला लावली. बल्ब मिणमिणला. तीच तार इंजिनच्या उघड्या धातूला लावताच तो लख्ख पेटला. दोष सापडला होता. बोल्टखाली रंगाचा थर होता. वीज आत येत होती, पण तिला परतीची वाट नव्हती. पॉलिश पेपरने रंग घासून काढताच दिवा झळकू लागला.

भाचा आनंदाने गाडीचा मूळ दिवा काढू लागला, तेव्हा चाचांनी त्याचा हात धरला. "बेटा, हा विझलेला असेल त्या क्षणी मागच्याला काय दिसेल?"

प्रश्न साधा होता, पण हिशेब गंभीर होता. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारे वाहन अर्ध्या सेकंदात सुमारे ७ मीटर पुढे येते. दिवा तेवढा वेळ विझलेला असेल, तर धुक्यात ते अंतर एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. अखेर मूळ दिवा अखंड जळता ठेवून लुकलुकणारा दिवा त्याच्या जोडीला बसवण्यात आला.

चाचांनी अंदाज बांधला नाही. उगमापासून एकेक टप्पा पारखत ते पुढे गेले, आणि दिवा लागल्यावरही त्यांचे प्रश्न संपले नाहीत. दिवा लागतो की नाही, एवढेच भाचा पाहत होता. तो कोणासाठी लागायचा आहे, हे चाचांच्या ध्यानात होते.