समुद्राकाठचे घर आणि शेजार

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी म्हण आपल्या वाडवडिलांनी करून ठेवली आहे. घर बांधण्याऐवजी आयते विकत घेण्याचे दिवस आले, तरी तिचे मर्म काही कमी झालेले नाही. किंबहुना परक्या देशी, परक्या भाषेत आणि जन्मभराच्या पुंजीवर घर घ्यावयाचे झाल्यास ते अधिकच जाणवते. स्पेन देशाच्या पूर्व किनाऱ्यावर हावेआ नावाचे गाव आहे. तेथे गेल्या जानेवारीत काही दिवस राहण्याचा योग आम्हांस आला आणि एका गोमंतकीय दांपत्याच्या निमित्ताने हा प्रश्न आम्ही जवळून पाहिला. आपल्या अनेक घरांतील मुलेबाळे आज परदेशी आहेत, आणि आपल्या गावांतील घरांना परदेशी व परप्रांतीय गिऱ्हाइके येत आहेत. म्हणून वाचकांसाठी हे चार शब्द.

हे दांपत्य मूळचे आमच्याच धर्मग्रामातले. बाईंनी लंडनच्या एका रुग्णालयात रुग्णसेवा केली, यजमानांनी बस चालविली. आता दोघेही निवृत्त झाली असून इंग्लंडची थंडी व ओल त्यांच्या सांध्यांस सोसवत नाही. दोघांजवळ पोर्तुगालचे पासपोर्ट असल्यामुळे युरोपीय संघाचे नागरिक म्हणून स्पेनमध्ये कायम राहण्यास त्यांना कायद्याची आडकाठी नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांना व्हिसा मिळाला तरी पाहुणा म्हणून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. मोठ्या किमतीचे घर घेणाऱ्यास राहण्याचा परवाना देण्याची सवलत पूर्वी होती, ती स्पेनच्या सरकारने ३ एप्रिल २०२५ पासून बंद केली आहे. घर घेतले म्हणजे राहण्याचा हक्क मिळाला, असे कोणी दलाल सांगू लागल्यास त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

आलिकान्ते आणि वालेन्सिया या दोन शहरांच्या जवळजवळ मध्यावर हे गाव आहे. पाठीशी ७५३ मीटर उंचीचा मोन्गो डोंगर, उत्तरेस सान आन्तोनियोचे भूशिर, दक्षिणेस नाओ भूशिराकडे जाणारे उंच कडे, आणि मध्ये अर्धचंद्राकार किनारा. तेथील वालेन्सियन भाषेत गावाला शाबिया म्हणतात. वस्ती सुमारे ३०,००० असून त्यांतील जवळजवळ निम्मे लोक परदेशी आहेत. नकाशावर गाव एक दिसते; पण घर शोधू लागले म्हणजे ती तीन गावे आहेत हे कळते. जुने गाव, बंदर आणि अरेनाल यांचे स्वभाव तीन भावांसारखे वेगवेगळे आहेत.

जुने गाव समुद्रापासून सुमारे दोन किलोमीटर आत आहे. समुद्राची भीती वाटत होती त्या काळी ते वसले. चाचे किनाऱ्यावर उतरत, लूट करीत आणि माणसे पळवून नेत. म्हणून लोकांनी आत सरकून भोवती तट बांधला. तो तट १९व्या शतकात पाडण्यात आला, पण प्रेषित संत बर्थलमय यांचे देऊळ त्या दिवसांची साक्ष देत अजून उभे आहे. १४व्या ते १६व्या शतकांत बांधलेले हे देऊळ बाहेरून किल्लाच वाटते. दरवाजाच्या वर पुढे काढलेले झरोके आहेत. त्यांतून शत्रूवर मारा करीत. संकट आले की सारे गाव देवळात शिरत असे. भोवतालच्या अरुंद गल्ल्यांतील घरांच्या दारेखिडक्यांना तोस्का नावाच्या सोनेरी, सच्छिद्र दगडाच्या चौकटी आहेत. दर गुरुवारी बाजार भरतो. येथे शेजार भरपूर. पण जुनी घरे उंच व चिंचोळी, जिने उभे आणि दारापर्यंत गाडी क्वचितच जाते.

दुसरा भाग बंदराचा. १९व्या शतकात या प्रदेशातून बेदाणे व मनुका गलबते भरभरून इंग्लंडला जात. नाताळचे पुडिंग शिजविणाऱ्या इंग्रज गृहिणींमुळे या किनाऱ्याला बरकत आली. द्राक्षे वाळविण्यासाठी शेतकऱ्यांनी कमानींच्या ओसऱ्या बांधल्या. त्यांना रिऊराऊ म्हणतात, आणि पाऊस आला की सुकती द्राक्षे त्यांच्याखाली ओढीत. पुढे भाव पडला, वेलींवर रोग आला, आणि तो व्यापार बुडाला. मासेमारी मात्र टिकली. आजही दुपार उलटल्यावर होड्या परततात आणि बंदरावर मासळीचा लिलाव होतो. येथील किनारा गोट्यांचा आहे, मऊ वाळूचा नव्हे. म्हणून सुट्टीवर आलेल्यांची गर्दी थोडी कमी.

बंदरावरचे देऊळ लोरेटोच्या मातेचे, १९६७ साली पुरे झालेले. आत उभे राहून वर पाहिले की आपण पालथ्या घातलेल्या जहाजाखाली उभे आहो, असा भास होतो. नाझरेथमधील पवित्र कुटुंबाचे घर इटलीतील लोरेटो येथे आणले गेले, अशी ख्रिस्तसभेतील जुनी परंपरा आहे. कोळ्यांनी आपल्या बंदराला घराची आठवण देणारी माता निवडावी, हे आम्हांस फार योग्य वाटले. तिचा सण ऑगस्टअखेर सुरू होऊन ८ सप्टेंबरला संपतो.

तिसरा भाग अरेनाल. या शब्दाचा अर्थच वाळूची जागा. पोहण्यास उत्तम किनारा, रांगेने उपाहारगृहे, खिडकीतून निळा समुद्र. यजमानांचे मन येथेच गुंतले होते, आणि एक सदनिका त्यांच्या आवाक्यातही होती. वाळूवर बांधलेल्या घराचा प्रभू येशूचा दृष्टांत आम्हांस आठवला, पण केवळ नावावरून भिवविणे बरे नव्हे. भिण्याजोगी प्रत्यक्ष कारणे होती. जानेवारी २०२० मध्ये ग्लोरिया नावाचे वादळ आले, तेव्हा लाटांनी हावेआच्या किनाऱ्यावरील रस्ते व दुकाने फोडून काढली. शिवाय १९८८ च्या किनारा कायद्यानुसार समुद्रकाठ ही सरकारी मालमत्ता आहे आणि तिच्या आतील पट्ट्यावर, सर्वसाधारणपणे १०० मीटरपर्यंत व जुन्या नगरभागात २० मीटरपर्यंत, बांधकामावर निर्बंध आहेत. समुद्राला खेटून असलेले घर घेताना ही रेषा कोठून जाते ते आधी पाहावे लागते.

डोंगरउतारावरील बागबंगल्यांचा पर्याय आम्ही लवकरच सोडला. तेथे मोटारीवाचून पावही मिळत नाही. आणि पाइनच्या झाडीला वणव्याचे भय असते. सप्टेंबर २०१६ मध्ये ग्रानादेल्याच्या बाजूस लागलेल्या आगीत हजाराहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली होती. सखल जागांचेही भय आहे. गोर्गोस नदी बहुतेक वर्षभर कोरडी दिसते. परंतु शरद ऋतूतील एका पावसात अशा कोरड्या ओढ्यांचे काय होते, ते २९ ऑक्टोबर २०२४ रोजी वालेन्सिया शहराभोवतालच्या गावांनी पाहिले. वालेन्सिया प्रांतात त्या पुराने दोनशेहून अधिक माणसे नेली.

कागदपत्रांविषयी थोडे सांगणे जरूर आहे. आपल्याकडे उतारा पाहतात, तसा तेथे मालमत्ता नोंदणी कार्यालयातून एक साधा दाखला मिळतो. मालक कोण आणि गहाण वा बोजा आहे काय, हे त्यावरून कळते. तो स्वतः काढावा. परदेशी व्यक्तीस ओळख क्रमांक घ्यावा लागतो. विसार बहुधा किमतीच्या दहाव्या हिश्शाइतका असतो. विसाराच्या नेहमीच्या करारात घेणारा मागे फिरला तर तो बुडतो, आणि देणारा फिरला तर त्याला दुप्पट परत करावा लागतो. खरेदीखत नोटरीसमोर होते; परंतु नोटरी हा दोन्ही पक्षांचा असतो, म्हणून आपला स्वतंत्र वकील नेमावा. आधीच्या मालकाने इमारतीची वर्गणी थकविली असल्यास चालू वर्षाच्या व मागील तीन वर्षांच्या बाकीसाठी घर जबाबदार राहते. तेव्हा इमारतीच्या चिटणिसाकडून बाकी नसल्याचा दाखला मागावा. कर व खर्च मिळून किमतीच्या दहाव्या हिश्शाहून अधिक रक्कम वेगळी ठेवावी.

एवढे झाल्यावर आम्ही दोघांस एकच गोष्ट सुचविली. संध्याकाळी सात वाजता तिन्ही भागांतून पायी हिंडावे आणि कोणत्या खिडक्यांत दिवा आहे ते पाहावे. जानेवारी महिना असल्यामुळे गाव आपले खरे रूप दाखवीत होते. अरेनालच्या त्या इमारतीत चार मजले होते आणि उजेड केवळ तीन घरांत. बाकी साऱ्या पट्ट्या खाली ओढलेल्या. बंदरामागील गल्लीत वाळत घातलेले कपडे होते, मुलांचा गलका होता, तळणाचा वास होता. जुन्या गावात म्हाताऱ्या बायका दारांत उभ्या राहून बोलत होत्या.

यजमान म्हणाले, “फादर, पण उन्हाळ्यात अरेनालची जागा पर्यटकांना भाड्याने देता येईल. खर्च निघेल.” त्यांचे गणित अगदीच चुकीचे नव्हते. तथापि ३ एप्रिल २०२५ पासून असे नवे भाडे सुरू करण्यास इमारतीतील मालकांच्या तीनपंचमांश बहुमताची आगाऊ संमती लागते. आणि त्या गणिताला दुसरी बाजूही आहे. या किनाऱ्यावर अनेक घरे सप्टेंबर ते जूनच भाड्याने मिळतात; उन्हाळा आला की शिक्षकाने, परिचारिकेने, कोळ्याच्या मुलाने सामान बांधावे अशी अपेक्षा असते. बाई इतका वेळ गप्प होत्या. त्या एवढेच बोलल्या, “फादर, दर्या मी जन्मापासून पाहिला आहे. रात्री पडले-झडले तर हाकेला ओ देणारे कोणी असावे.”

त्यांचे म्हणणे आम्हांस पटले. तरुण माणूस घर घेताना कामाची जागा पाहतो. पण साठीनंतर घर घेणाऱ्याने आजारपण आणि मरण हीसुद्धा त्या घरात येणार आहेत, हे ध्यानी धरले पाहिजे. धर्मगुरूला बोलावण्यास कोण धावेल? पवित्र मिस्सेला पायी जाता येईल काय? दोघांपैकी एक मागे राहिल्यास त्याच्या दारी कोण येईल? लोरेटोच्या देवळात रविवारी आमच्या शेजारच्या बाकावरील वृद्ध स्त्रीने बाईंना भाषा येत नाही हे ओळखून प्रार्थनापुस्तकाचे पान काढून दिले. भाषेवाचूनही शेजार सुरू होतो, तो असा.

अखेर असे ठरले की, घाईने काही घेऊ नये. येत्या ऑक्टोबरपासून बंदरामागील गल्लीत, उद्वाहक असलेल्या इमारतीत, एक जागा भाड्याने घेऊन अख्खा हिवाळा काढावा. उत्तरेकडे तोंड असलेले घर तेथे जानेवारीत किती गारठते, भिंतींना ओल येते काय, शेजारी कसे आहेत, हे सारे राहिल्यावाचून कळत नाही. नंतर घ्यावयाचे तर घ्यावे.

एक विषय मात्र अपुरा राहिला. या दोघांचे गावचे वडिलोपार्जित घर आज कुलपात आहे. सणाला दोन दिवस उघडते, पुन्हा बंद. ओसरीवर पाला साचतो आणि शेजारच्या म्हाताऱ्यांस संध्याकाळी तिकडे पाहवत नाही. हावेआत ज्या ओढलेल्या पट्ट्यांचे दुःख झाले, तसलीच एक आपल्या गावीही आहे, हे आम्ही त्यांस सांगितले. दोघेही काही बोलली नाहीत. पुतण्याचे कुटुंब भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. त्याला किल्ली द्यावी काय, याचा विचार ती करीत आहेत.

वाचकहो, आपल्यापैकी स्पेनमध्ये घर घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. पण आपल्या दारी दलाल येतोच आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर तो पूर्वीच आला, आता आतल्या वाड्यांतही हिंडतो. गरज असेल त्याने विकावे. मुलीचे शिक्षण, आजारपण, भावांच्या वाटण्या यांपुढे कोणाचा इलाज चालत नाही. मात्र भाव विचारताना आणखी एक प्रश्न विचारावा: घेणारा येथे राहणार आहे काय? दोन गिऱ्हाइके असली आणि त्यांतील एक मुलाबाळांसह नांदावयास येणारे असले, तर थोडे कमी घेऊनही त्याला द्यावे. आपल्या देवळातील बाक आणि आपल्या वाड्यातील संध्याकाळची प्रार्थना त्यानेच भरणार आहे.