पाच इंच

सुतारदादांनी टेबल उलटं केलं, चारही पायांवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि विचारलं, "ताई, नक्की ना? एकदा कापलं की कापलं."

टेबल वडिलांचं. १९६८ साली सागवानात करून घेतलेलं, उंची ३० इंच. वडील पावणेसहा फूट. मी पाच फूटही भरत नाही. करवत फिरली आणि खोलीभर सागाचा वास सुटला. इतक्या वर्षांनंतरही त्या लाकडाच्या पोटात तेल शिल्लक होतं.

अनुवादाचं काम आता घरीच, लॅपटॉपवर चालतं. संध्याकाळ झाली की मान दगड व्हायची. एके दिवशी पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून बसले आणि टेप लावली. कोपर जमिनीपासून २५ इंचांवर. म्हणजे उरलेले पाच इंच माझे खांदे दिवसभर उचलून धरत होते. खुर्ची वर घेऊन पाहिली, तर पाय लोंबकळले आणि बैठकीची कड मांडीखाली रुतू लागली. लोक आधी महागडी खुर्ची आणतात. मला वाटतं, आधी टेबलाकडे बघावं.

हे मला खरं तर १९८८ सालीच ठाऊक झालं होतं. दहावीनंतरच्या सुट्टीत मराठी टायपिंगचा क्लास लावला होता. पत्र्याच्या छपराखाली गोदरेजची बारा यंत्रं ओळीने मांडलेली. तिथली टेबलं लिहायच्या टेबलापेक्षा तीन-चार इंच ठेंगणी असत. सर सांगायचे, लिहिताना माणूस कागदावर वाकतो, टाइप करताना त्यानं वाकायचं नाही. आमच्यातल्या बुटक्या मुलींसाठी त्यांनी घरून पाट आणून ठेवले होते, जेवायला बसायचे तसले. पाय त्या पाटांवर. कोपरं अंगालगत, मनगटं हवेत, नजर शेजारच्या मजकुरावर. सर मागून फिरत आणि कुणाचे खांदे चढलेले दिसले की नुसतं "खांदे" म्हणत. बाराच्या बारा जणींचे खांदे एकदम खाली यायचे.

भ काढायचा तर आधी अर्धा भ, मग काना. ओळ संपत आली की घंटी वाजे. मग डाव्या हाताने दांडा सरकवायचा, की गाडा खडखडत परत उजवीकडे जाई आणि कागद एक घर वर सरके. एवढा वेळ बोटं मोकळी. पान संपलं की कागद काढा, कार्बन लावा, नवा कागद चढवा. पाठ आपोआप सैल व्हायची. त्या यंत्राच्या घडणीतच विसावा होता. आता ओळ आपली आपण खाली उतरते, पान कधी संपलं ते कळतही नाही. म्हणून मी स्वयंपाकघरातलं घड्याळ अर्ध्या तासाचं लावते आणि वाजलं की खरोखर उठते.

लॅपटॉपची अडचण अशी, की पडदा आणि कळा एकमेकांना जोडलेल्या. हात सुखावले तर मान वाकते, मान सुखावली तर हात टांगलेले राहतात. म्हणून कळफलक वेगळा घेतला. सुतारदादांनी कापलेले चार तुकडे मी टाकू दिले नाहीत. त्यांच्यावर फळी ठेवली, फळीवर लॅपटॉप. पडद्याची वरची कड आता डोळ्यांच्या रेषेत आली आहे, आणि पडदा हातभर अंतरावर. फळी सरकवताना तुकड्यांच्या ताज्या कापाला बोट लागतं. तिथलं लाकूड मधाच्या रंगाचं आहे, बाहेरून काळवंडलेलं.

क्लासचा तास संपायला पाच मिनिटं उरली की सर दात घासायचे जुने ब्रश आणि रॉकेलची वाटी फिरवत. व आणि ब यांच्या पोटात शाई भरून राहायची. ती हळूहळू, कड न दुखवता काढावी लागे. घरी गेले तरी बोटांना रॉकेलचा वास असायचा. जेवायला बसले की आई आधी माझे हात हुंगायची.